देवघरातला घोडेस्वार : परभणीच्या एका घरातली युद्धपदकं

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी आम्हाला विचारलं की परभणीचा आणि महायुद्धाचा संबंध काय? विचारण्यात चूक नाही. सातारा म्हटलं की अपशिंगे मिलिटरी डोळ्यांपुढे येतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची ४६ माणसं गेली. कोकण म्हटलं की मराठा पलटण. परभणी म्हटलं की गोदाकाठ, ज्वारी, कापूस आणि आता कृषी विद्यापीठ. यात फौज कुठं बसते?

बसते, पण जरा आडून बसते. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. इथल्या माणसाचा लष्कराशी संबंध आला तर तो पुण्या-बेळगावच्या वाटेनं येण्यापेक्षा हैदराबादच्या वाटेनं यायचा. हिंगोली, जी १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती, ती हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ही कंटिंजंट म्हणजे निजामाच्या पैशानं उभी केलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतली फौज. १९०३ मध्ये ती इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळली. निजामाची स्वतःची फौज याहून वेगळी. हा फरक लक्षात ठेवा. तो न कळल्यामुळे आमचं जवळजवळ एक वर्ष वाया गेलं, ते पुढे सांगतो.

सुरुवात झाली ती आमच्या आईच्या माहेरी, जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात. जुनं माळवदाचं घर पाडायचं ठरलं, म्हणून देवघर हलवायचं होतं. मामांनी एकेक टाक ताम्हणात काढून ठेवले. आई भवानी, नाग, मुंजा, खंडोबा. त्यात एक टाक वेगळा होता. जाड, गोल, चांदीचा, रुपयापेक्षा मोठा, हळदीच्या थरानं पिवळा झालेला. त्यावर घोड्यावर बसलेला पुरुष, हातात आखूड तलवार, घोड्याच्या टापांखाली एक कवटी. घरात पिढ्यान् पिढ्या तो खंडोबाच समजला गेला होता. घोडा आहे, तलवार आहे, खाली मणी-मल्लाचं मुंडकं आहे, आणखी काय पाहिजे? आमच्या बहिणीनं तो उलटा केला तेव्हा मागे राजा निघाला. पंचम जॉर्ज.

तो टाक म्हणजे पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश युद्धपदक होतं. घोडेस्वार हा इंग्रजांचा संत जॉर्ज, टापांखाली जर्मनांच्या गरुडाची ढाल आणि मृत्यूचं चिन्ह म्हणून कवटी. कडेजवळ १९१४ आणि १९१८ ही सालं, पण हळदीखाली बुजलेली. अशी पदकं सुमारे ६५ लाख काढली गेली. बहुतेक चांदीची, आणि मजूर, हमाल वगैरे लोकांसाठी सुमारे १ लाख १० हजार कांस्याची. चांदीची होती म्हणून आपल्याकडे ती टिकली नाहीत. लग्नकार्यात, दुष्काळात सोनाराकडे गेली आणि आटली. हे एक टिकलं, कारण ते देव झालं होतं. देव कुणी आटवत नाही.

गंमत बाजूला ठेवू. पदकाच्या संशोधनात पहिलं पान असतं ते पदकाची कड. पहिल्या महायुद्धाच्या या पदकांवर कडेला इंग्रजीत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धात मिळालेल्या ताऱ्यांवर पुष्कळदा काहीच कोरलेलं नसतं, म्हणून ते फार कमी बोलतात. आमच्या पदकाची कड रोजच्या पूजेनं, चिंचेनं आणि राखेनं घासून इतकी गुळगुळीत झाली होती की नाव अर्धंच उरलं होतं. बॅटरीचा उजेड आडवा टाकून फोटो काढला तेव्हा एस डब्ल्यू आर ही तीन अक्षरं दिसली. ती सोवार या शब्दाची, म्हणजे आपला स्वार. म्हणजे माणूस घोडदळातला. पुढे हैदराबाद, मग आय. एस., म्हणजे इंपीरियल सर्व्हिस, आणि लान्सर्सची दोन-तीन अक्षरं.

घरात त्यांना ‘पलटणवाले बाबा’ म्हणायचे. आईचे आजोबा, म्हणजे आमचे पणजोबा. त्यांच्याबद्दल घरात तीन गोष्टी सांगितल्या जायच्या. ते सिंगापूरला लढले. ते हैफाच्या लढाईत होते. त्यांना राजानं बहादुरीचं पदक दिलं. संशोधन संपलं तेव्हा या तिन्हींपैकी एकही गोष्ट जशीच्या तशी उभी राहिली नाही. आणि तरीही आम्ही म्हणू की आमच्या हाती आधीपेक्षा जास्त लागलं.

सिंगापूरचं आधी. देवघराच्या कोनाड्यात एक पत्र्याचा डबा होता. त्यात इंद्रधनुषी फितीचा तुकडा असलेलं आणखी एक गोल पदक, पंख असलेल्या विजयदेवीचं. पहिल्या युद्धाचं ‘व्हिक्टरी मेडल’. शिवाय दोन सहाकोनी तारे, एका राजमुद्रेचं गोल पदक आणि काही कागद. घरच्यांनी हे सगळं एकाच माणसाच्या छातीवर लावून टाकलं होतं. पण पंचम जॉर्ज आणि सहाव्या जॉर्जचं अक्षरचिन्ह एका डब्यात आलं म्हणजे ते एका माणसाचं होत नाही. तारे दुसऱ्या महायुद्धाचे होते. एक १९३९-४५ चा, दुसरा पॅसिफिक स्टार. १९१८ मध्ये भालाईत असलेला माणूस १९४१ मध्ये पायदळात शिपाई कसा असेल? डबा एकच होता, पण माणसं दोन होती. पणजोबा आणि त्यांचे थोरले चिरंजीव, आईचे थोरले चुलते. घरानं बापलेकांचं एक चरित्र करून टाकलं होतं. तुमच्या घरी असा डबा असेल तर पहिली शंका हीच घ्या.

आता बापाकडे वळू. डब्यात एक उर्दू कागद होता. घरात कुणालाच तो वाचता येईना. आमच्या पिढीची ही अडचण मोठी आहे. निजामाच्या दफ्तराची भाषा उर्दू, घरच्या हिशेबाची लिपी मोडी, आणि आपल्याला दोन्ही येत नाहीत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायला निघाले तेव्हा मराठवाड्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, आठवत असेल. आमचा कागद वाचला तो गल्लीतल्याच एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी, चहाच्या एका कपावर. नोकरीतून मुक्त केल्याचा दाखला. साल १३२९.

इथं आम्ही अडकलो. हिजरी १३२९ म्हणजे इसवी सन १९११. महायुद्ध सुरू व्हायच्या तीन वर्षं आधी माणूस घरी आला असेल तर त्याला युद्धाचं पदक कसं? आमचे एक नातेवाईक तर म्हणाले, पदक विकत आणलं असेल. पण चाचांनी महिना पुन्हा वाचला. महिना होता फरवर्दी. आणि हिजरीत फरवर्दी महिना नाही! तिथं मोहरम, सफर असे महिने येतात. आजूर, दै, बहमन, फरवर्दी हे महिने हैदराबादच्या फसली सालाचे. त्या सालाची सुरुवात ऑक्टोबरात, आणि त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. फसली १३२९ म्हणजे ऑक्टोबर १९१९ ते ऑक्टोबर १९२०. त्यातला फरवर्दी फेब्रुवारीच्या आसपास पडतो. म्हणजे पणजोबा १९२० च्या उन्हाळ्याआधी मोकळे झाले. एका महिन्याच्या नावानं नऊ वर्षं जागेवर बसली. मराठवाड्यातल्या जुन्या कागदांवर काम करणाऱ्या प्रत्येकानं हे गणित भिंतीवर लिहून ठेवावं, असं आमचं मत आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. पहिल्या युद्धात जे शिपाई १९१५ संपायच्या आत रणभूमीवर पोचले त्यांना या दोन गोल पदकांबरोबर एक तारा मिळायचा. हैदराबादचे लान्सर्स १९१४ च्या अखेरीस इजिप्तला पोचले होते आणि सुएझ कालव्यावर पहाऱ्याला होते. आमच्या डब्यात तो तारा नाही. हरवला असेल, पण बाकी सगळं इतक्या निगुतीनं ठेवणाऱ्या घरात तोच नेमका हरवेल असं वाटत नाही. आमचा अंदाज असा की पणजोबा पहिल्या जहाजावर नव्हते, मागाहून गेलेल्या भरतीत होते. हा अंदाज आहे, तो अंदाज म्हणूनच घ्या.

आता हैफा. इथं घरात भांडण झालं, म्हणून जरा थांबतो.

२३ सप्टेंबर १९१८ ला पॅलेस्टाईनमधलं हैफा शहर हिंदी घोडदळानं भाल्या-तलवारीनिशी चढाई करून घेतलं. समोर मशीनगन आणि तोफा होत्या. ही चढाई करणारी तुकडी होती १५ वी इंपीरियल सर्व्हिस कॅव्हलरी ब्रिगेड. तिच्यात तीन संस्थानांचे लान्सर्स होते: जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या १९२२ च्या स्मारकातल्या तीन मूर्ती याच तिघांच्या. लिओनार्ड जेनिंग्ज या शिल्पकारानं घडवलेल्या. जानेवारी २०१८ मध्ये त्या चौकाला हैफाचं नाव जोडलं गेलं. तेव्हापासून समाजमाध्यमांवर दर सप्टेंबरात हैफा फिरतो आणि आमच्या मामेभावापर्यंत तो पोचला. हैदराबाद लान्सर्स हे नाव पदकावर, हैदराबाद लान्सर्स हैफाच्या ब्रिगेडमध्ये, मग आणखी पुरावा कशाला? त्यानं ‘हैफा वीर’ असा फ्लेक्स करायला टाकला. गावच्या वेशीत कमान करायचंही बोलणं झालं.

पण त्या दिवशी हैफावर तुटून पडले ते जोधपूर आणि म्हैसूरचे स्वार. हैदराबादचं घोडदळ त्याच ब्रिगेडचं, पण त्या चढाईत नव्हतं. तीन मूर्ती हे संपूर्ण ब्रिगेडचं स्मारक आहे, त्या एका चढाईचं नाही. मोठ्या मोहिमेत सगळ्याच पलटणी पुढे नसतात. कैदी सांभाळणं, रस्ते राखणं, मागच्या छावण्या धरून ठेवणं हेही कुणीतरी करायचं असतं. आम्ही हे मामेभावाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “दादा, शंभर वर्षांनी कोण तपासायला येणारंय?” आता आम्हीच तपासायला आलो होतो, त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. फ्लेक्सचे पैसे मात्र गेले होते.

आणि बहादुरीचं पदक? डब्यातलं एकही पदक बहादुरीचं नाही. ही मोहिमेची पदकं आहेत. अमुक काळात अमुक रणभूमीवर माणूस हजर होता, एवढंच ती सांगतात. बहादुरीसाठी हिंदी शिपायांना इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल अशी वेगळी पदकं होती, आणि ती राजपत्रात छापून यायची. १९४४ मध्ये इटलीत यशवंत घाडगे आणि १९४५ मध्ये नामदेव जाधव, या मराठा पलटणीच्या दोन जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, ते असे छापून आले. पणजोबांचं नाव अशा यादीत नाही. मामांचा चेहरा उतरला. आम्हाला मात्र हजेरी ही लहान गोष्ट वाटत नाही. ज्यानं जिंतूरच्या पलीकडे फारसं काही पाहिलं नव्हतं असा माणूस नव्यानं आलेल्या मीटरगेजच्या गाडीनं हैदराबादला जातो, तिथून बोटीनं इजिप्त, तिथून सिनाईच्या वाळूत घोडा घेऊन, आणि जिवंत परत येतो.

जिवंत परत येण्यातच संशोधकाची पंचाईत असते. मेलेल्यांची मोजदाद राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे आहे आणि ती घरबसल्या बघता येते. इजिप्त-पॅलेस्टाईनमध्ये ज्यांच्या समाध्या नाहीत अशा जवळजवळ चार हजार हिंदी सैनिकांचं स्मारक सुएझजवळ पोर्ट तौफिकला होतं. पुढे इजिप्त-इस्रायलच्या लढायांत ते मोडलं आणि १९८० मध्ये नावं कैरोजवळच्या हेलिओपोलिसला नेली. तिथंही सगळं सरळ नाही. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचा पलटणवार आकडा. पण तरी काहीतरी आहे. जो परत आला, शेती करू लागला आणि म्हाताऱ्या वयात खाटेवर गेला, त्याची नोंद त्याच्या पलटणीच्या दफ्तरात, आणि पलटण मोडली असेल तर शोधावीच लागते.

त्या शोधात आम्ही घसरलो. ‘हैदराबाद रेजिमेंट’ असा शब्द दिसला की आम्ही खूश व्हायचो. १९२२ ते १९४५ या काळात १९ वी हैदराबाद रेजिमेंट नावाची पलटण खरोखर होती. आम्ही तिच्या मागे लागलो, पत्रं लिहिली, वाट पाहिली. ती पलटण म्हणजे जुन्या कंटिंजंटचा वारसा. तिचं नाव १९४५ मध्ये बदलून कुमाऊँ झालं आणि तिचं घर आज रानीखेतला आहे. तिचा निजामाच्या लान्सर्सशी काही संबंध नाही. तसंच डेक्कन हॉर्स आणि ९७ वी डेक्कन इन्फंट्री. नावात दख्खन आहे, पण फौज इंग्रजांची. आम्ही सुरुवातीला सांगितलेला फरक तो हाच. निजामाच्या स्वतःच्या फौजेचे कागद शोधायचे तर वाट हैदराबादच्या पुराभिलेखागाराकडे, उर्दू-फारसी दफ्तरांकडे जाते. चूक कुणा कार्यालयाची नव्हती, आमचीच. पाकिटावरचा पत्ताच चुकीचा होता.

आता मुलाकडे, म्हणजे आईच्या थोरल्या चुलत्यांकडे. पॅसिफिक स्टार मराठवाड्यातल्या घरात सापडला की प्रदेश फार थोडे उरतात. मलायातल्या सेवेसाठी तो ८ डिसेंबर १९४१ ते १५ फेब्रुवारी १९४२ या काळापुरताच मिळतो. डब्यातल्या एका फाटक्या इंग्रजी कागदावर पहिल्या हैदराबाद इन्फंट्रीचं नाव होतं. ही निजामाची पायदळ पलटण १९४१ मध्ये मलायाच्या ईशान्य टोकाला, कोटा बारूच्या विमानतळावर पहाऱ्याला होती. ८ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर जपानी तिथल्या किनाऱ्यावर उतरले. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडायला तेव्हा तासभर अवकाश होता. म्हणजे पॅसिफिकचं युद्ध सुरू झालं त्या रात्री मराठवाड्याच्या राजाची पलटण तिथं उभी होती. हे आपल्या शाळेच्या पुस्तकात नाही. संध्याकाळपर्यंत विमानतळ गेला, पलटणीचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल हेन्ड्रिक्स मारले गेले. इंग्रजांच्या लेखनात या पलटणीवर फार कडक शेरे आहेत. आम्ही ते वाचले, पण तोलून घ्यायला सांगू. सगळं मलाया सत्तर दिवसांत हरलेल्या सैन्यात दोष खालच्या, संस्थानी, काळ्या पलटणीवर ढकलणं सोपं होतं. आणि त्या पलटणीतल्या शिपायांनी आपली बाजू कुठं लिहून ठेवली नाही.

१५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. १७ तारखेला फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे ४५ हजार हिंदी सैनिक जपान्यांच्या हवाली केले गेले. त्यातून पहिली आझाद हिंद सेना उभी राहिली. चुलते तिच्यात गेले की कैदी छावणीत राहिले, हे ताऱ्यावरून निघत नाही. आजी सांगायची की ते परतल्यावर भाताला हात लावत नसत आणि ‘जपान’ हा शब्द काढला की उठून जात. बस, एवढंच.

डब्यात जे नाही तेही बघावं लागतं. १९४७ मध्ये ‘भारतीय स्वातंत्र्य पदक’ निघालं. एका बाजूला अशोकचक्र, पण त्यावर मुकुट आणि भोवती सहाव्या जॉर्जचं नाव, फीत केशरी-पांढरी-हिरवी. १५ ऑगस्टला भारतीय सैन्यात असलेल्यांना ते मिळालं, आणि १ जानेवारी १९४८ पर्यंत भारतात सामील झालेल्या संस्थानांच्या फौजांनाही. हैदराबाद सामील झालं नव्हतं. आमच्या डब्यात ते पदक नाही, आणि चुलते तेव्हा निजामाच्याच नोकरीत होते असं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत मात्र कुणी नव्हतं.

इथं आम्हाला उमगलं की डबा देवघराच्या कोनाड्यात इतका आत का होता. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलिस कारवाई सुरू झाली, १७ ला निजामानं हार मानली, सेनापती अल इद्रूस यांनी मेजर जनरल चौधरींपुढे शस्त्रं ठेवली. १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करतो, आणि ते केलंच पाहिजे. या जिल्ह्यानं रझाकारांचा जाच भोगला आहे. पण गावच्या बोलण्यात रझाकार आणि निजामाचा साधा शिपाई एकच झाले. कासीम रझवीची ती खाजगी टोळी वेगळी आणि पगारी फौज वेगळी, हे ऐकून घ्यायला त्या वर्षी कुणाला वेळ नव्हता. आजीनं तारे कणगीच्या तळाशी घातले. चांदीचा घोडेस्वार मात्र तिनं लपवला नाही. तो आधीच देव होता.

तर मामेभावाला सहा दिवसांच्या अंतरानं दोन कार्यक्रम करायचे होते. १७ सप्टेंबरला ज्या फौजेच्या पराभवाचं झेंडावंदन, २३ सप्टेंबरला त्याच फौजेतल्या पणजोबांचा सत्कार. मामा म्हणाले, “यातला एक खोटा असणार.” आम्हाला तसं वाटत नाही. पण यातला एकही कार्यक्रम दुसऱ्याला झाकून करता येणार नाही, एवढं खरं. शेवटी कमान झाली नाही. नव्या घराच्या ओसरीवर एक साधी पाटी लागली: दोघांची नावं, त्यांच्या पलटणी, ‘इजिप्त व पॅलेस्टाईन’ आणि ‘मलाया’, आणि खाली ‘निजाम सरकारच्या फौजेत’. शेवटच्या ओळीवर दोन दिवस वाद चालला. ती ठेवा असं म्हणाली ती आई.

पदक परत देवघरात गेलं. मामींनी स्पष्ट सांगितलं की जॉर्ज असो नाहीतर कुणी, शंभर वर्षं हळद लागलीय, मी ते कपाटात टाकणार नाही. फक्त चिंच लावणं बंद झालं.

तेवढं तुम्हीही करा. तुमच्या घरी असं काही असेल तर घासू नका, फिती धुऊ नका, सगळी पदकं एका माणसाची समजू नका. कडेचा फोटो आडव्या उजेडात काढा, उर्दू कागदावरचा महिना आधी वाचून घ्या, आणि परभणीतल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारण्याआधी फौज इंग्रजांची की निजामाची एवढं ठरवून जा. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या काकांनी पिशवीत काहीतरी आणलेलं दिसतंय, ते आधी बघू या.